गोल्फ कोर्सवरचं शिक्र्याचं घरटं

शिक्रा या लहानशा शिकारी पक्ष्याचं घरटं मला आधी कानांनी सापडलं, डोळ्यांना ते बऱ्याच उशिरा दिसलं. गोल्फ कोर्सच्या कुंपणाला लागून जो रस्ता जातो, त्यावरून मी रोज सकाळी चालते. थंडी सरता सरता आतल्या उंच झाडांमधून दोन सुरांची टोकदार हाक यायला लागली. एका झाडावरून हाक, थोड्या वेळाने दुसऱ्या झाडावरून उत्तर. सुरुवातीला मी त्यावर विश्वास ठेवला नाही, कारण कोतवाल पक्षी ही हाक हुबेहूब काढतो. शिक्रा आला असं वाटून साळुंक्या उडतात आणि त्यांनी टाकलेला किडा कोतवालाला आयता मिळतो. त्यामुळे नुसत्या आवाजावर शिक्रा नोंदवायचा नाही, पक्षी दिसलाच पाहिजे, असा माझा नियम आहे.

तो दिसला तोही पंख हलवताना. चार-पाच भरभर फटके, मग पंख न हलवता सरळ तरंगत जाणं, पुन्हा फटके. गोलसर आखूड पंख आणि लांब पट्टेदार शेपटी. पावशा पक्ष्याची ठेवणही अशीच असते आणि अनुभवी माणसंसुद्धा तिथे फसतात. पण पावशाची चोच सरळ आणि बारीक, शिक्र्याची आकडेदार. उन्हात बसलेला हा पक्षी माझ्याकडे वळला तेव्हा त्याचे डोळे लालभडक दिसले, म्हणजे नर. हाकेला उत्तर देणारी मादी त्याच्यापेक्षा चांगलीच मोठी होती, डोळे पिवळसर, पाठ जास्त तपकिरी. शिकारी पक्ष्यांमध्ये मादी मोठी असणं ही नेहमीची गोष्ट आहे आणि पुढे घरट्यावर दोघांना ओळखायला हा फरक रोज कामी आला.

आत जाण्यासाठी क्लबच्या कार्यालयात अर्ज केला. खेळायला येणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे सगळी सोय होती, पक्षी पाहायला येणाऱ्यासाठी कसलीच नव्हती. शेवटी मैदानाची देखभाल पाहणाऱ्या मुकादमांच्या हवाली मला करण्यात आलं आणि ते फार चांगलं झालं. ते तिथली झाडं वर्षानुवर्षं पाहत आलेले. त्यांच्या अटी साध्या होत्या : सकाळी पहिली मंडळी टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, यायच्या आधी आत यायचं, फेअरवे, म्हणजे टीपासून पुढे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, ओलांडायचा तर विचारून, आणि कुणी 'फोर' अशी, म्हणजे चेंडू येतोय अशी, आरोळी दिली की वर बघायचं नाही, डोकं झाकून खाली वाकायचं. गोल्फचा चेंडू नियमाप्रमाणे ४५.९३ ग्रॅमपेक्षा जड नसतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तो चेंडू रेन ट्रीच्या बुंध्यावर आपटल्याचा आवाज जवळून ऐकला की आरोळी ऐकताच हात आपोआप डोक्यावर जातात. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फटका बिघडला तर तो बहुतेक वेळा उजवीकडे जातो, म्हणून फेअरवेच्या त्या बाजूला झाडीत उभं राहायचं नाही, हेही मुकादमांनीच शिकवलं.

घरटं शोधायचं तर पक्ष्याच्या मागे धावून उपयोग नसतो. आपल्याला पाहिलं की तो मुद्दाम भलतीकडे जाऊन बसतो. मी एका जागी बसून नर तोंडात काटकी घेऊन कुठल्या दिशेला जातो तेवढंच पाहत राहिले. दोघंही काटक्या आणत होती. मादी एका वाळक्या डहाळीवर लोंबकळून, सगळं वजन टाकून ती मोडत होती. काटकी सुटली की पंख सावरून थेट एकाच झाडाच्या गर्द भागात शिरायची. ते झाड एका ग्रीनच्या, म्हणजे चेंडू घालायच्या खळगीभोवतीच्या बारीक गवताच्या, मागे होतं, उंच रेन ट्री. वरच्या बेचक्यात काटक्यांचा एक ओबडधोबड पसारा दिसला. कावळ्याच्या घरट्यापासून तो वेगळा ओळखणं अवघड. ओळख पटली ती तिच्या शेपटीवरून. घरट्यात ती बसली की पट्टेदार शेपटी काठाबाहेर तिरकी निघालेली असायची आणि पुढचे कितीतरी दिवस त्या शेपटीशिवाय मला तिचं दुसरं काही दिसलं नाही.

शिक्र्याला गोल्फ कोर्स का आवडत असावा, हे तिथे बसल्यावर कळतं. तो दाट जंगलातला शिकारी नाही आणि उघड्या माळावरचाही नाही. पानांच्या आडोशाला निश्चल बसायचं आणि समोरच्या उघड्या जागेत काही हललं की झेप घ्यायची, ही त्याची रीत. जुनी उंच झाडं आणि त्यांच्या पायथ्याशी बारीक कापलेलं गवत, अशी रचना गोल्फ कोर्सला असते तशी शहरात क्वचित कुठे मिळते. रफमधून, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतातून, निघून सरडा कापलेल्या गवतावर आला की त्याला लपायला काहीच उरत नाही. शिवाय १८ होलच्या, म्हणजे १८ खळग्यांच्या, मैदानाला साधारण ५० हेक्टर आणि त्याहूनही जास्त जागा लागते. एवढी जागा, रात्री निर्मनुष्य, झाडावर चढणारी पोरं नाहीत. या मैदानांवर पाणी आणि औषधं किती ओतली जातात याबद्दल माझ्या मनात राग आहे आणि तो या घरट्यामुळे कमी झालेला नाही. पण सभोवती इमारती उभ्या राहिल्यावर उंच झाडांचा सलग पट्टा तिथेच शिल्लक राहिला आहे, हेही खरं.

मोठ्या शहरांमध्ये हे इतरत्रही झालंय. शिक्र्याचा थोरला भाऊबंद असलेला गॉसहॉक एके काळी माणसापासून लांब राहणारा, जंगलातला पक्षी समजला जायचा. आज बर्लिनच्या बागांमध्ये, दफनभूमींमध्ये त्याच्या शंभराच्या आसपास जोड्या घरटी करतात आणि मुख्यतः कबुतरांवर जगतात. अमेरिकेत टूसॉन शहरात कूपर्स हॉक हे शिकारी पक्षी दाटीने घरटी करतात. तिथे पारवे आणि होले भरपूर, पण त्यांच्यातूनच ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा रोग पिल्लांच्या घशात उतरतो, असं अभ्यासकांना दिसलं. शहर शिकारी पक्ष्याला पोटभर खायला देतं आणि त्याच घासातून आजारही देतं.

अंतर किती ठेवायचं, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न होता. पुस्तकी आकडा घेऊन चालत नाही, कारण प्रत्येक जोडी वेगळी असते. मी लांबून सुरुवात केली. रोज थोडं पुढे, आणि मादीची मान कुठे ताठ होते ते वहीत टिपायचं. अंडी घालायच्या आधीच हे उरकलं, कारण त्यानंतर तिला उठवणं म्हणजे अंडी उघड्यावर टाकणं, आणि कावळ्यांना तेवढीच संधी पुरते.

आणि तिथे मला जे दिसलं, ते या सगळ्या अनुभवातलं सगळ्यांत मोलाचं आहे असं मला वाटतं. चौघं खेळाडू थेट तिच्या झाडाखालच्या ग्रीनवर यायचे. हसायचे, झेंडा काढून ठेवायचे, चेंडू हळूच खळगीत ढकलायचे, बग्गीची घरघर व्हायची. मादी मानसुद्धा वर करायची नाही. गवत कापायचं यंत्र झाडाखालून गेलं तरी शेपटी जागची हलली नाही. मी मात्र त्यांच्यापेक्षा दुप्पट अंतरावर, आवाज न करता थांबले आणि दुर्बीण डोळ्याला लावली, की लगेच घरट्याच्या काठावर तिचं डोकं यायचं आणि ते पिवळे डोळे माझ्यावर रोखले जायचे. आणखी काही पावलं पुढे गेले तर 'किक् किक् किक्' असा तुटक, चिडका आवाज सुरू.

म्हणजे माणसांची गर्दी, गोंगाट याचा तिला त्रास नव्हता. ठरलेल्या वाटेने येणारी आणि ठरलेल्या वाटेने निघून जाणारी माणसं तिने हिशेबातून काढून टाकली होती. थांबणारा आणि टक लावून वर पाहणारा प्राणी मात्र तिच्या दृष्टीने घरट्यावर डोळा ठेवून आलेला. झाडाखाली थांबून वर पाहतं कोण? मांजर पाहतं, कावळा पाहतो, अंडी काढणारा माणूस पाहतो. गुपचूप, दबकत, झाडाआड लपत पक्षी पाहायची आपल्याला जी शिकवण असते, ती इथे उलटी पडत होती. दबकण्यानेच ती बिथरायची.

म्हणून मी जागा बदलली. आधीच्या होलच्या टीमागे एक बाक आहे. तिथे आपली पाळी येईपर्यंत खेळाडू बसतात, त्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी टेकतात, कुणी ना कुणी दिवसभर असतंच. तिथून घरटं तिरकं आणि बरंच लांब दिसतं. पण माझी आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण नेमकी कामाची तिथे, आणि पुढे पिल्लांच्या दिवसांत एका मित्राचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण, तिवईवर लावला. चालत जायचं, बाकावर बसायचं, इतरांसारखं बोलायचं, मधूनच दुर्बीण उचलायची आणि खाली ठेवायची. मादीने दोन दिवसांत मला त्या बाकाचा भाग मानलं. तिच्या नजरेत मी नसणं, हेच मला हवं होतं.

मग उबवण. शिक्र्याची अंडी फिकट निळसर राखाडी, जाड टोकाकडे काळे ठिपके असलेली असतात आणि १८ ते २१ दिवसांत फुटतात. या काळाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. शेपटी दिसते. शेपटीची दिशा बदलते. बास.

या दिवसांत पाहण्यासारखा होता तो नराचा फेरा. घरट्याच्या शेजारच्या झाडाला एक वाळलेली, साल गेलेली फांदी होती. नर शिकार घेऊन तिथेच यायचा, थेट घरट्यावर कधी नाही. एकदा हे पाहायला फार चांगला उजेड मिळाला. तो आला, पायात सरडा. पंख मिटल्यावर त्याने आधी खाली पाहिलं, मग दोन्ही बाजूंना, मग हळू आवाजात एकच सूर काढला. सरड्याचं डोकं आधीच उडवलेलं होतं, शेपूट फांदीखाली लोंबत होतं. मादी घरट्यातून निघाली ती पंखांचा आवाज न करता, फांदीखालून वर चढत. ती टेकायच्या क्षणी नर बाजूला सरकला, सरडा त्याच्या पायातून तिच्या पायात गेला आणि तो लगेच दोन हात मागे झाला. एवढ्या मोठ्या मादीजवळ तो क्षणभरही जास्त थांबत नव्हता. ती तिथेच खाली बसून तुकडे तोडायला लागली आणि तो घरट्याच्या काठावर जाऊन उभा राहिला, आत मान घालून. ती परतली, चोच फांदीच्या दोन्ही बाजूंना घासून साफ केली, आणि पुन्हा बसली.

शिकार काय होती, ते मी जमेल तसं लिहीत गेले. सरडे सगळ्यांत जास्त. कधी मोठा नाकतोडा, कधी उंदराएवढं काहीतरी केसाळ. खारीच्या मागे तो जाताना दिसला, पण खारींचं पहाऱ्याचं काम अफाट आहे. एकीने शेपटी झटकत ओरडायला सुरुवात केली की पाच झाडांपलीकडच्या खारींना कळतं आणि शिक्रा निमूटपणे जागा बदलतो. मलाही तो कुठे बसलाय ते खारींनीच बहुतेक वेळा सांगितलं. फेअरवेच्या टोकाला टिटवीची अंडी होती. ती जोडी तर त्याला जमिनीजवळ येऊच देत नव्हती. आणि ज्या कोतवालाच्या नकलेने मी सुरुवातीला साशंक होते, तो त्याच पट्ट्यात घरटं करून होता आणि नर दिसला की त्याच्या पाठीवर चोची मारत त्याला पार क्लबहाउसपर्यंत पिटाळायचा.

अंडी फुटल्याचं मादीच्या बसण्यावरून कळलं. शेपटी होती तिथे आता पाठ दिसायला लागली. ती काठावर उभी राहायची, मान खाली घालून अगदी बारीक बारीक हालचाली करायची. झाडाखाली झाडलोट करणाऱ्या मावशींना अंड्याच्या कवचाचा एक तुकडा सापडला, आतून स्वच्छ, बाहेरून निळसर. त्यांनी तो पानात गुंडाळून ठेवला होता. नराचे फेरे एकदम वाढले.

काही दिवसांनी काठावर तीन डोकी दिसली, कापसाच्या बोंडांसारखी पांढरी. तिन्ही सारखी नव्हती. सगळी अंडी घालून व्हायच्या आधीच उबवायला सुरुवात झाली की पहिलं पिल्लू आधी बाहेर येतं आणि मागून आलेलं लहानच राहतं. भरवताना हा फरक डोळ्यांत भरायचा. मादी शिकार पायाखाली दाबून धरायची, चिमटीत येईल एवढा तुकडा तोडायची आणि तो चोचीच्या टोकावर धरून थांबायची. पिल्लाने तो घेईपर्यंत मान वाकडी करून थांबायची. मोठं पिल्लू मान उंच करून पहिला घास घ्यायचं, पोट भरलं की तिथेच लवंडायचं, आणि मग धाकट्याची पाळी. दिवसात शिकार भरपूर आली तर धाकट्यालाही मिळायचं.

पिल्लं थोडी मोठी झाली की घरट्याची जागा कुणालाही सापडेल अशी होते. पोट साफ करायचं असलं की पिल्लू उलट्या पावलांनी काठापर्यंत सरकतं, शेपूट वर करतं आणि जोरात पिचकारी सोडतं, घरटं कोरडं राहतं. झाडाखाली गवतावर पांढऱ्या ठिपक्यांचं कडं तयार झालं. ग्रीन अगदी लगतच असल्याने एका सदस्याने तक्रार केली. मुकादमांनी तिथे रोज पाण्याचा पाइप फिरवायचा ठरवला आणि विषय मिटवला. ते पांढरं कडं, काही पिसं, शिक्र्याने ओकून टाकलेल्या बारीक गोळ्या, हे सगळं मी सगळे निघून गेल्यावर पाहायची. घुबडाच्या गोळीत उंदराची सबंध कवटी मिळते. शिक्र्याच्या गोळीत हाडं जवळपास नसतात, कारण त्याचं जठर ती विरघळवून टाकतं. केस, पिसं, किड्यांची टरफलं तेवढी उरतात.

एका संध्याकाळी जोराचा वारा सुटला, बरोबर धूळ आणि थोडा पाऊस. दुसऱ्या दिवशी काठावर दोनच डोकी होती. खाली शोधलं, काही नव्हतं. धाकटं पिल्लू पुन्हा दिसलं नाही. त्या दिवशी मी वहीत फक्त तेवढंच लिहिलं.

खरी काळजी मात्र वाऱ्याची नव्हती. पावसाळ्याआधी मैदानावर छाटणी होते. मुकादमांच्या यादीत ती वाळलेली फांदी पहिल्याच पानावर होती, जिच्यावर नर शिकार आणून द्यायचा. मी त्यांना गाठलं.

"ताई, फांदी पूर्ण मेलेली आहे. पाऊस तोंडावर आलाय. कुणाच्या डोक्यावर पडली तर उत्तर मला द्यावं लागेल."

"बरोबर आहे तुमचं, दादा. पण ती तोडायला माणूस झाडावर चढला, करवत चालली, तर मादी उठेल आणि पिल्लं अर्धी वाढलेली आहेत, घाबरून उडी मारतील."

"किती दिवस हवेत?"

"पिल्लं उडेपर्यंत. अंडी फुटल्यापासून साधारण महिना धरा. म्हणजे आता त्यातले थोडेच राहिलेत."

त्यांनी फांदीकडे बराच वेळ पाहिलं. मग ते म्हणाले की छाटणी दुसऱ्या टोकापासून सुरू करता येईल, आणि त्या फांदीखाली दोरी बांधून जागा बंद ठेवता येईल. त्यांनी तसंच केलं. दोरीवर पाटी लावली 'काम चालू', कारण पक्ष्यांचं घरटं असं लिहिलं तर लोक मोबाइल घेऊन खाली गोळा होतील, हे त्यांच्या लक्षात माझ्या आधी आलं. न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या एका उंच इमारतीवर पेल मेल नावाने ओळखला जाणारा रेड-टेल्ड हॉक जातीचा शिकारी पक्षी १९९३ पासून घरटं करत होता. डिसेंबर २००४ मध्ये इमारतीने ते काढून टाकलं, लोक रस्त्यावर उतरले, आणि काही आठवड्यांत घरट्यासाठी आधार परत बसवावा लागला. तिथे गर्दी घरट्याच्या बाजूने उभी राहिली. पण ते घरटं इतक्या उंचावर होतं की गर्दीचा पक्ष्याला उपद्रव नव्हता. झाडातल्या घरट्याखाली जमलेली प्रेमळ गर्दीही घात करते, आणि म्हणून मी या घरट्याचा फोटो जागा कळेल अशा रीतीने कुठेही टाकला नाही. आवाजाची रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणारे लोक मला भेटले आहेत. उबवणाऱ्या मादीला अशी हाक ऐकवणं म्हणजे दुसरा शिक्रा तिच्या हद्दीत शिरल्याचं सांगणं. ती अंडी सोडून भांडायला निघते.

दुसरी गोष्ट उंदरांच्या औषधाची. क्लबच्या स्वयंपाकघरामागे घुशींचे त्रास होते आणि तिथे विषाचे खोके ठेवलेले दिसले. ब्रोडिफॅकूमसारखं औषध रक्त गोठू देत नाही, पण खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो सुस्त, उघड्यावर फिरत राहतो, म्हणजे शिकारी पक्ष्याला सगळ्यांत सोपं भक्ष्य. विष उंदराच्या यकृतात साठलेलं असतं, ते पक्ष्याच्या यकृतात जातं आणि तिथून लवकर निघत नाही. हे मी व्यवस्थापनाला लेखी दिलं. सापळे लावायचे आणि कचऱ्याची झाकणं नीट बंद ठेवायची असं ठरलं. खोके त्या हंगामापुरते हलले. कायमचे हलावेत यासाठी माझं बोलणं चालू आहे.

पिल्लं घरट्यातून थेट उडत नाहीत. आधी ती काठावर उभी राहून पंख फडफडवतात, मग शेजारच्या फांदीवर उडी, मग परत. पांढरी लव जाऊन तपकिरी पिसं आली, छातीवर उभ्या रेघा आणि टिपके. मोठ्या शिक्र्याच्या छातीवर आडव्या लालसर रेषा असतात, पिल्लांच्या उभ्या. हा फरक लांबूनही कळतो.

याच दिवसांत एक पिल्लू खाली पडलं. एक जुने कॅडी काका धावत आले, हातात टॉवेल. पिल्लू रफमध्ये पंख पसरून बसलं होतं, चोच उघडी, आणि कावळे जवळच्या झाडावर जमायला लागले होते. काकांचं मत, घरी नेऊन दाणापाणी द्यावं. मी म्हटलं, "काका, जखम आहे का तेवढं बघू. नसेल तर आई-बाप इथेच आहेत." टॉवेल टाकून त्यांनी पिल्लू अलगद धरलं, पंजे टॉवेलच्या आत, कारण ते नखं रुतवतं तेव्हा सोडत नाही. पंख दोन्ही सारखे मिटत होते, रक्त नव्हतं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात असं सगळीकडे म्हणतात, तसं होत नाही. काकांनी त्याला घरट्याच्याच झाडाच्या सगळ्यांत खालच्या जाड फांदीवर ठेवलं आणि आम्ही बाकावर परत आलो. पिल्लू पाय रोवून बसलं, मग एकसारखं ओरडायला लागलं. बऱ्याच वेळाने मादी त्याच्या वरच्या फांदीवर आली, पायात एक बुलबुल, पिसं अर्धी उपटलेली. काका माझ्या शेजारी उभे राहून पाहत होते. "खातंय," ते म्हणाले. त्यानंतर त्या झाडाची राखण त्यांनी स्वतःकडे घेतली आणि दुपारी मी नसताना काय झालं ते मला त्यांच्याकडूनच कळायचं.

उडायला लागल्यावर दोन्ही पिल्लं त्याच पट्ट्यात राहिली. आई-बाप आणत होतेच, पण आता शिकार हवेतच पोचती व्हायची, पिल्लं समोर उडत जाऊन हिसकावून घ्यायची. आणि एका ढगाळ सकाळी, फेअरवेवर चतुर घिरट्या घालत होते तेव्हा, थोरलं पिल्लू त्यांच्यामागे लागलं. पहिल्या झेपेत चतुर कधीच निसटला होता. दुसऱ्यात पिल्लू गवतावर छातीने आदळलं. टीवर उभा असलेला खेळाडू हातातली काठी खाली टेकवून थांबला, त्याच्यामागचे तिघंही थांबले, आणि कुणी घाई केली नाही. मग एक झेप लागली. पिल्लू वाळूच्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसलं आणि पायातला चतुर खायला लागलं. पंख एकेक करून गळून वाळूवर पडले.

पाऊस लागल्यावर पिल्लांचं ओरडणं कमी झालं आणि मग थांबलं. वाळलेली फांदी तेव्हा तोडली गेली. मुकादमांनी आपण होऊन पुढच्या वर्षाची छाटणीची यादी माझ्यापुढे ठेवली आणि कुठलं झाड सोडायचं ते विचारलं. शिक्रे बहुतेक वेळा जुन्या घरट्याच्या आसपास नवं घरटं करतात, तेच झाड धरतील असं नाही, म्हणून आम्ही नकाशावर एक झाड न रंगवता त्या ग्रीनमागचा पूर्ण पट्टा रंगवला. त्या पट्ट्यातली छाटणी थंडी सुरू होताच उरकायची आणि मार्च ते जून तिथे करवत न्यायची नाही. कॅडी काकांनी नकाशा पाहिला आणि पट्ट्यात आणखी दोन झाडं घालायला लावली, नर दुपारी तिथे बसतो म्हणून.